वंशावळींतील कोरी जागा

आमच्या पनवेलींतील एक वृद्ध गृहस्थ गेलीं चार वर्षें आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत तयार करीत आहेत. त्यांचा माझा स्नेह जुना. सायंकाळीं वडाळे तळ्याकडे फिरावयास निघालें म्हणजे त्यांच्या कांखेंत कागदांची एक सुरळी असते, आणि कोठें बसावयास जागा मिळाली कीं ती उलगडली जाते. त्या कागदावर वरपासून खालपर्यंत दहा पिढ्या मांडलेल्या आहेत. पण मधोमध एक कोरी जागा आहे, आणि त्या कोऱ्या जागेनें त्यांची झोंप उडविली आहे.

प्रकार असा. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहींत त्यांच्याच आडनांवाचा व त्यांच्याच मूळ गांवचा एक पुरुष थोरल्या बाजीरावसाहेबांच्या काळीं यात्रेस आल्याची नोंद आहे. दुसरीकडे, इ. स. १८५२ च्या कायद्यान्वयें इनाम कमिशनची चौकशी चालली तेव्हां घराण्यानें सादर केलेल्या कैफियतीची नक्कल घरांत जपून ठेविली आहे. तींत सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत इनाम मिळविणाऱ्या पुरुषापासून पुढची परंपरा अखंड दिली आहे. खरीं नांवें सांगण्याचें कारण नाहीं; पहिल्यास रघुनाथ बल्लाळ व दुसऱ्यास बल्लाळ रघुनाथ म्हणूं. दोहोंच्या मध्यें पन्नास-साठ वर्षें व बहुधा दोन पिढ्या रिकाम्या आहेत. आमचे स्नेही म्हणतात, "आमच्याकडे आजोबांचें नांव नातवास ठेवण्याची चाल. तेव्हां वरच्या रघुनाथाचा मुलगा बल्लाळ, त्याचा रघुनाथ, आणि त्याचा हा इनामदार बल्लाळ, हें उघडच आहे. माझे दिवस आतां थोडे राहिले. नातू हें छापून घेणार आहे. सांगा, रेघ ओढूं कां?"

प्रश्न कागदावरच्या दोन बोटें लांबीच्या रेघेचा होता. परंतु त्याचें उत्तर मला चटकन् देतां आलें नाहीं, व तें कां देतां आलें नाहीं याचा विचार करतां करतां हा लेख तयार झाला.

नांवावरून नातें ताडण्याचा मोह आमच्या स्नेह्यांनाच झाला आहे असें मुळींच नाहीं. यूरोपांत प्राचीन फ्रँक सरदारांच्या वंशांचा शोध घेणारे पंडित हेंच करीत आलेले आहेत. सहाव्या शतकापासून नवव्या शतकापर्यंत आजचा फ्रान्स व पश्चिम जर्मनी या मुलखांवर ज्या फ्रँक लोकांचें राज्य होतें, त्यांच्यांत आडनांवें नव्हतीं. मनुष्यास एकच नांव. आणि तेंही मठास दिलेल्या जमिनीच्या दानपत्रावर साक्षीदार म्हणून, नाहीं तर एखाद्या साधूच्या चरित्रांत ओझरतें यावयाचें. बाप कोण, आई कोण, हें लिहिण्याचें कारण पुष्कळदां पडतच नसे. अशा स्थितींत संशोधकाच्या हातीं मुख्यतः दोन दोरे राहतात. एक असा कीं, घराण्यांत तींच नांवें, किंवा नांवाचा तोच एखादा अंश, फिरून फिरून येतो. दुसरा असा कीं, एकाची जमीन पुढें ज्याच्या हातीं दिसते तो बहुधा त्याचा आप्त असतो. हे दोरे खोटे नव्हेत. त्यांच्या आधारानें पुष्कळ खरी माहिती बाहेर आली आहे. परंतु फार झालें तर त्यांनीं 'आप्त' एवढेंच ठरतें. तो आप्त पुत्र होता, पुतण्या होता, कीं मुलीच्या बाजूचा नातू होता, हें केवळ नांव सांगत नाहीं.

इतकें दूर तरी कशाला जावें? ज्या उत्तर कोंकणांत आपलें पनवेल आहे तेथें नवव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत शिलाहारांचें राज्य होतें. अंबरनाथचें शिवालय त्यांच्याच काळचें. त्यावरील लेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. त्या वंशांत कपर्दीचा पुत्र पुल्लशक्ति व पुल्लशक्तीचा पुत्र पुन्हा कपर्दी. पुढें वज्जडाचा पुत्र अपराजित व अपराजिताचा पुत्र पुन्हा वज्जड. आजोबांचें नांव नातवास, ही आमच्या स्नेह्यांच्या घरचीच चाल! परंतु शिलाहारांच्या घरीं ती होती हें आपणांस कळतें तें त्यांच्या शिलालेखांत व ताम्रपटांत तीं नातीं लिहून ठेविलेलीं आहेत म्हणून. लेखावरून चाल ओळखणें ही एक गोष्ट, आणि चालीवरून लेखाची उणीव भरून काढणें ही दुसरी. पहिलींत आपण पुराव्याच्या मागें चालतों. दुसरींत पुरावा आपल्या मागें चालावा अशी इच्छा धरतों.

आणि ही इच्छा कोठपर्यंत नेते, तेंही या शिलाहारांनींच दाखविलें आहे. कपर्दीच्या वर गेलें म्हणजे ताम्रपटांची भाषा पालटते. तेथें जीमूतकेतूचा पुत्र जीमूतवाहन येतो. गरुडाच्या तावडींतून एका नागास सोडविण्याकरितां शिळेवर स्वतःचा देह अर्पण करणारा तो विद्याधर या राजांचा मूळ पुरुष! तोच शिळेवरचा आहार, म्हणून हे शिलाहार. कथा उदात्त आहे, यांत शंका नाहीं. पण विद्याधर आणि कपर्दी यांच्या मध्यें किती पिढ्या, कोणाच्या पोटीं कोण, याचा पत्ता नाहीं. वर देवयोनि, खालीं राजा, आणि मध्यें आमच्या स्नेह्यांच्या कागदावर आहे तशीच एक कोरी जागा. फक्त तिच्यावर सोनेरी मुलामा चढविलेला.

फ्रँकांचा प्रकार याहून बोधप्रद आहे, कारण तेथें मुलामा चढतांना दिसतो. इ. स. ७५१ मध्यें पेपिन नांवाच्या कारभाऱ्यानें जुन्या मेरोविंगियन वंशाच्या शेवटच्या राजास पदच्युत केलें, त्याचे राजचिन्ह म्हणून वाढविलेले लांब केस कापले, त्यास मठांत धाडलें आणि आपण राजा झाला. त्याचाच पुत्र शार्लमेन इ. स. ८०० मध्यें रोम येथें सम्राट् झाला. सत्ता होती, सैन्य होतें, धर्मगुरूंचा आशीर्वाद होता. उणीव होती ती वंशाची. शार्लमेनच्या पणजोबांचा बाप आन्सेगिसेल हा मेत्सचा साधु बिशप आर्नुल्फ याचा पुत्र, ही परंपरा पॉल डीकन या विद्वानानें आठव्या शतकाच्या उत्तरार्धांत मांडली. म्हणजे त्या दोघांच्या मागून सुमारें शंभर-दीडशें वर्षांनीं. आन्सेगिसेल या नांवाचा संबंधही त्यानें ट्रॉय नगरच्या पुराणप्रसिद्ध अंकायसीसशीं जोडून दिला. एवढ्यानें भागलें नाहीं. थोड्याच काळानें मेत्स येथें जी वंशावळ तयार झाली तींत आर्नुल्फाचा पूर्वज एक रोमन कुलीन गृहस्थ ठरला, आणि त्याची पत्नी ब्लिथिल्ड ही मेरोविंगियन राजा क्लोथार याची कन्या ठरली. ज्या घराण्याचें सिंहासन हिसकावून घेतलें, त्याच घराण्याची एक मुलगी आपली आजी म्हणून पुढें आली! आजचे बहुतेक संशोधक या ब्लिथिल्डला कल्पित समजतात. ज्यांच्याशीं नातें सांगण्याची एवढी धडपड, त्या मेरोविंगियनांच्या मूळ पुरुषाविषयीं सातव्या शतकांतील एका ग्रंथांत अशी कथा आहे कीं, राणी समुद्रस्नानास गेली असतां एका सागरपशूनें तिला गांठलें. तेव्हां मुलगा राजाचा कीं पशूचा, हें ग्रंथकार मोघमच ठेवतो. अनिश्चित वंशानें अनिश्चित वंशाचा आधार घेतला, तो असा.

हे वाचून आपण हंसतों. परंतु हंसण्यापूर्वीं एक प्रश्न विचारला पाहिजे. पेपिनाच्या वंशजांना ही आजी हवी होती कशाला? राज्य तर त्यांनीं मनगटाच्या जोरावर मिळविलेलें होतें. ती हवी होती, कारण भोंवतालचा समाज मनगटाला भीत असला तरी मान वंशाला देत होता. खोटी वंशावळ लिहिणाऱ्याच्या हातांत लेखणी असते खरी; पण शाई त्याला समाज पुरवितो.

आपल्या इतिहासांतील सर्वांत थोर प्रसंग या दृष्टीनें पाहावा. इ. स. १६७४ च्या ज्येष्ठांत रायगडावर शिवाजीमहाराजांस राज्याभिषेक झाला. तत्पूर्वीं जवळजवळ तीस वर्षें त्यांनीं किल्ले घेतले, आरमार उभारलें, अफजलखान व शाइस्तेखान यांस तोंड दिलें, आग्र्याहून सुटका करून घेतली. प्रजेच्या लेखीं ते राजे केव्हांच झाले होते. तरीही अभिषेकाची वेळ आली तेव्हां प्रश्न निघाला तो क्षत्रियत्वाचा व कुळाचा. मेवाडच्या सिसोदिया वंशाशीं भोसल्यांचें नातें सांगण्यांत आलें, काशीहून गागाभट्ट आले, मुंज झाली व मग अभिषेक झाला. त्या नात्याविषयीं संशोधकांत आजही एकमत नाहीं. मुधोळच्या घोरपडे घराण्यांतील फर्मानें कोणी प्रमाण मानतात, कोणी संशयित ठरवितात, रा. चिं. ढेरे यांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केलेल्या शिखर शिंगणापूरवरील ग्रंथांत तर भोसल्यांचें मूळ दक्षिणेकडे शोधलें आहे. बाबाजी, मालोजी, शहाजी या परंपरेविषयीं मात्र वाद नाहीं. माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, हा वाद कोणत्याही बाजूनें सुटला तरी रायगडाचा एक चिराही हलणार नाहीं. ज्या काळानें एवढें कर्तृत्व डोळ्यांनीं पाहिलें, त्यालाही कुळाचा दाखला मागावासा वाटला. यांत उणेपणा आहे तो मागणाऱ्याचा आहे.

आतां कोणी म्हणेल, राजांचें राहूं द्या. एखाद्या सामान्य गृहस्थानें आपल्या घरच्या कागदावर दोन नांवें अंदाजानें लिहिलीं, त्यांत कोणाचें काय गेलें? कोणाची जमीन बुडाली नाहीं, कोणाचा हक्क गेला नाहीं. मलाही प्रथम असेंच वाटलें. परंतु अधिक विचार करतां असें दिसलें कीं, यांत एकाचें सर्वस्व जातें. ज्या जागेवर आपण कल्पित पुरुष बसवितों ती जागा वस्तुतः रिकामी नव्हती. तेथें कोणी तरी खरा मनुष्य होऊन गेला. त्यानें शेत केलें असेल, कारकुनी केली असेल, सांथींत लेंकरें गमावलीं असतील, कर्ज काढून मुलींचीं लग्नें केलीं असतील. आणि त्याच्याच पोटीं आपली परंपरा आली. त्याचें नांव कदाचित् रघुनाथ नसेल. तो बल्लाळाचा मुलगा नसून त्याच गांवच्या दुसऱ्या शाखेचा असेल, किंवा दत्तक आलेला असेल. त्याचें नांव काळानें पुसलें, हा काळाचा गुन्हा. त्याच्या जागीं दुसऱ्याचें नांव लिहून त्याला कायमचा उठविणें, हा मात्र आपला गुन्हा होईल. कोरी जागा निदान त्याची वाट पाहते. भरलेली जागा त्याला दार लावून घेते.

येथवर सत्याच्या बाजूनें लिहिलें. परंतु याच सत्यनिष्ठेचें एक क्रूर रूपही आहे, व त्याचें उदाहरण शोधण्यास पनवेलीच्या माणसाला फार लांब जावें लागत नाहीं.

आमच्या गांवांत बेने इस्रायल लोकांचें 'बेथ एल' हें प्रार्थनामंदिर इ. स. १८४९ पासून आहे. या समाजाची परंपरा अशी सांगते कीं, फार प्राचीन काळीं त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्याशीं फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या, व त्यांपासून हा समाज वाढला. ग्रंथ बुडाले, भाषा विसरली. पण सुंता, शब्बाथ व 'शमा' ही प्रार्थना राहिली. तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारीं तो बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनीं त्यांस 'शनवार तेली' म्हटलें. ज्या गांवीं राहिले त्या गांवचें आडनांव त्यांनीं घेतलें: पेणकर, किहिमकर, नवगांवकर, दिवेकर, आणि आमचे पनवेलकर. हाईम सॅम्युएल किहिमकर यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेला या समाजाचा इतिहास १९३७ सालीं तेल अवीव येथें छापला गेला. गलबत केव्हां फुटलें, कोठून आलें, सात जोडप्यांचीं नांवें काय, यांची वंशावळ कोणापाशींच नाहीं. शिलाहारांप्रमाणें येथेंही वर एक कथा, खालीं जिवंत माणसें, आणि मध्यें शेंकडों वर्षांची कोरी जागा.

१९४८ सालीं इस्रायलचें राष्ट्र स्थापन झाल्यावर यांतील हजारों माणसें तिकडे गेलीं. तेथें १९६२ सालीं मुख्य रब्बींच्या मंडळानें असा निर्देश काढला कीं, बेने इस्रायल मनुष्यानें इतर ज्यूंशीं विवाह करूं म्हटल्यास त्याची आई, आजी व त्यामागील शक्य तितक्या पिढ्या यांची चौकशी व्हावी. आजीची आई कोण, हें कोणत्या वहींत पाहावयाचें? आपल्याकडील कोणतीही वंशावळ उघडून पाहा. तींत पुरुषामागून पुरुष येतात, आणि स्त्री आलीच तर ब्लिथिल्डप्रमाणें मोठ्या घराशीं पूल बांधण्यापुरती. ज्या आजीचें नांव जगांत कोणी लिहून ठेवीत नाहीं, तिचें नांव एका मराठी बोलणाऱ्या मुलीला तिच्या लग्नाच्या वेळीं विचारण्यांत आलें, आणि दुसऱ्या कोणत्याही ज्यू समाजाचें नांव घेऊन तें विचारण्यांत येत नव्हतें. समाजानें निदर्शनें केलीं, उपोषणें केलीं. १९६४ च्या ऑगस्टांत तेथील लोकसभेनें बेने इस्रायल हे सर्व दृष्टींनीं पूर्ण ज्यू आहेत असें जाहीर केलें, व निर्देशांतील त्यांचा उल्लेख काढला गेला. पुढें २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासांत या समाजाच्या रक्तांत ज्यू व भारतीय दोन्ही वांटे आढळले. गलबताच्या कथेस यानें कांहीं बळ मिळालें, हें खरें. पण समजा, तें मिळालें नसतें! ज्यांनीं पिढ्यान् पिढ्या शनिवारीं घाणा थांबविला, त्यांचें इस्रायलपण तेवढ्यानें उणें झालें असतें काय?

येथें प्रथमदर्शनीं माझ्याच बोलण्यांत विरोध दिसेल. एकीकडे पुराव्यावांचून रेघ ओढूं नये म्हणतों, आणि दुसरीकडे पुरावा मागणाऱ्यास दोष देतों. परंतु हा विरोध वरवरचा आहे. इतिहास लिहितांना पुराव्याचा भार रेघ ओढणाऱ्यावर असतो, कारण त्याच्या चुकीनें सत्य बिघडतें. माणसाशीं वागतांना तो भार संशय घेणाऱ्यावर असला पाहिजे, कारण त्याच्या चुकीनें माणूस दुखावतो. वंशावळींतील कोरी जागा ही अज्ञानाची खूण आहे. ती कलंकाची खूण समजली कीं तिच्यापासून दोन पापें जन्मतात. बलवान् असतो तो खोटी आजी निर्माण करतो, आणि दुर्बल असतो त्याच्या खऱ्या आजीची चौकशी होते. ज्या दिवशीं कोऱ्या जागेची लाज वाटेनाशी होईल, त्या दिवशीं तिच्यांत खोटें लिहिण्याचें कारणही उरणार नाहीं.

आपल्या शास्त्रकारांना हें मर्म ठाऊक असावें असें मला वाटतें. श्राद्धांत नांवें घ्यावयाचीं तीं तीन पिढ्यांचीं: पिता, पितामह, प्रपितामह. त्यापलीकडे दहा पिढ्या पाठ म्हणा, अशी सक्ति नाहीं. महालयांत आई, आजी व पणजी यांचीही नांवें घ्यावयाचीं असतात. वंशावळ ज्यांना विसरली त्यांना पिंड विसरत नाहीं. दत्तक मुलास पुत्र मानून शास्त्रानें रक्ताहून कर्तव्याला वरची जागा दिली. आणि ज्याला आपलें गोत्रच ठाऊक नाहीं, त्यानें काय करावें? त्यानें एखाद्या तेजस्वी ऋषीशीं नातें जुळवावें असें सांगितलेलें नाहीं, आणि त्यानें संकल्पच करूं नये असेंही सांगितलेलें नाहीं. त्यानें काश्यप गोत्र म्हणावें. कश्यप हा तर सर्वच प्रजांचा पिता! म्हणजे ज्याला आपलें घर आठवत नाहीं त्याला खोटें घर न देतां सर्वांच्या अंगणांत जागा दिली.

हें सारें मीं एके सायंकाळीं आमच्या स्नेह्यांस सांगितलें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. सुरळी गुंडाळून घरीं गेले. चारपांच दिवसांनीं पुन्हा भेट झाली तेव्हां त्यांनीं होऊन कागद उलगडला. वरच्या रघुनाथापासून खालच्या बल्लाळापर्यंत त्यांनीं एक तुटक रेघ काढली होती, आणि तिच्या शेजारीं बारीक अक्षरांत लिहिलें होतें: 'येथें दोन पिढ्या असाव्या. एकाच घराण्याचे असण्याचा संभव आहे. पुरावा मिळालेला नाहीं.'

मीं त्यांचें अभिनंदन करणार, तोंच त्यांनीं कागदाच्या खालच्या बाजूस बोट ठेविलें. तेथें त्यांनीं नवीन काम आरंभलें होतें. प्रत्येक पुरुषाच्या नांवाशेजारीं त्याच्या पत्नीचें माहेरचें नांव व माहेरचें गांव लिहावयाचें. स्वतःच्या पत्नीचें लिहून झालें होतें. आईचें लिहून झालें होतें. आजीचें नांव होतें, पण माहेर कोणतें याचा प्रश्न होता, आणि पणजीच्या जागीं कांहींच नव्हतें.

"तीन पिढ्यांतच संपलें हो," ते म्हणाले. "दहा पिढ्यांचे पुरुष जमविण्यांत मीं चार वर्षें घालविलीं, आणि ज्या आजीनें मला वाढविलें तिचें माहेर मला ठाऊक नाहीं." मग सुरळी कांखेंत मारून ते उठले. पेणला त्यांच्या एका चुलत आत्याबाई आहेत. वय नव्वदीच्या घरांत, पण स्मरण अजून शाबूत. दुसऱ्या दिवशीं सकाळच्या गाडीनें त्यांना विचारावयास जावयाचें होतें.